मानुलेवाचा खांब

गाडी थांबली ती एका डुकरामुळे. बाजाराच्या कोपऱ्यावर कोणाच्या तरी हातून दोरी सुटली होती आणि ते रस्त्याच्या मधोमध उभं राहून विचार करत होतं. फुआतिनोने सहज डावीकडे पाहिलं, तर बंद असलेल्या मासळीच्या ओट्यांमागच्या भिंतीवर तिला ती स्वतःच दिसली. दोन पुरुष उंचीची, लाल झग्यातली, कडेवर एक गुबगुबीत मूल. चेहरा चांगला जमला होता. नाक जरा नाजूक केलं होतं, पण ते चालण्यासारखं होतं. मग तिची नजर खाली गेली. झग्याखाली दोन पाय होते. दोन्ही सारख्या जाडीचे, सारख्या लांबीचे, दोन सारख्या सपातांमध्ये जमिनीवर घट्ट रोवलेले.

पेनी गाडी चालवत होता. तो तिचा मावसभाऊ, लहानपणापासून गावातला सोबती. त्यानेही तिकडे पाहिलं आणि चाकावर बोटं वाजवत म्हणाला, "कारागीर मोठा दिसतो. इतक्या डॉक्टरांना जमलं नाही ते त्याने दोन डबे रंगात उरकलं." ती हसली. पुढच्या आसनावरचा तिचा सचिव इओसेफो हसला नाही. उद्याच भिंत पुन्हा रंगवून घेतो, असं तो मान न वळवता म्हणाला. तिने राहू दे म्हटलं. डुकराचा विचार पूर्ण झाला, ते बाजूला गेलं, गाडी सुटली. हसू मात्र घशात कुठेतरी अर्धवट राहून गेलं, माशाचा बारीक काटा राहावा तसं. गिळावा तर टोचतो, आणि चारचौघांत घशात बोटं घालता येत नाहीत.

चित्रकाराची तरी काय चूक? त्याने तिचा पाय कधी पाहिलाच नव्हता. गावाबाहेर कोणीच पाहिला नव्हता. तिने कधी तसा हुकूम काढला नाही, पण इतक्या वर्षांत ती चालत असतानाचा एकही फोटो छापून आला नव्हता. कार्यक्रमाला ती सगळ्यांच्या आधी जाऊन बसे. संसदेत ती पंतप्रधान, तरी तिची जागा दाराजवळची. फोटोवाले आपण होऊन कंबरेच्या वर कॅमेरा धरत. आणि गावोगावच्या सभांमध्ये तर रीतच तिच्या मदतीला होती. सभाघरात सगळे मांडी घालून बसतात, कोणाच्या दिशेने पाय पसरणं हा अपमान, आणि ज्याला पाय दुमडता येत नाही त्याने पसरलेल्या पायांवर चटई ओढून घ्यायची. चटई घातली की पाय नाहीतच असं सगळ्यांनी धरून चालायचं. किती समजूतदार रीत, असं तिला नेहमी वाटे. लहानपणीच्या पोलिओने डावा पाय तिच्या स्वतःच्या मनगटापेक्षा थोडासाच जाड राहिला होता. त्यावर मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी कॅलिपर, चामड्याचे पट्टे, गुडघ्याशी कडी. उभं राहताना कडी खाली पाडायची, बसताना वर उचलायची. दिवसातून किती वेळा ती खट् वाजत असेल, पण तो आवाज तिला आता ऐकू येत नव्हता. आज गाडीत बसताना मात्र तो तिने ऐकला होता, असं तिला उगाचच आठवलं.

रेडिओवर कोणालाच पाय नसतात. ही गोष्ट तिला या संकटात उमगली आणि तिने तिचा पुरेपूर उपयोग केला. बंदराजवळच्या वस्तीत पहिलं मूल गेलं तेव्हा डॉक्टरांनी घसा दुखण्याची साथ म्हटलं होतं. दुसरं गेलं तेव्हा त्यांनी आत विजेरी धरून पाहिलं आणि राखाडी पडदा दिसला. घटसर्प. पुस्तकात वाचलेला, आजोबांच्या पिढीत राहून गेलेला. राजकारणात येण्याआधी फुआतिनो मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत असे, त्यामुळे तिला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. जंतू फक्त घशात बसतात, त्यांचं विष रक्तातून हृदयापर्यंत जातं, आणि मूल मरतं तेव्हा बऱ्याचदा ताप उतरलेला असतो. त्याच संध्याकाळी तिने बेटांमधल्या बोटी थांबवल्या. मग शाळा. मग प्रार्थना. हे सगळ्यांत अवघड होतं. बिशप स्वतः येऊन बसले होते, तिने त्यांना कोको पाजला आणि मुलांच्या घशांचे फोटो दाखवले. त्यानंतर रोज संध्याकाळी रेडिओवर ती देशाशी बोलू लागली. शाळेत बोलायची तशीच, सोपं, न ओरडता, माहीत नाही ते माहीत नाही असं सांगून. लोक ताटं खाली ठेवून ऐकतात, असं पेनीने तिला सांगितलं होतं. लस घेऊन परदेशी जहाज लागलं त्या दिवशी धक्क्यावर माणसं गात होती. गाव मागून गाव उघडत गेलं. मुख्य परिचारिका मेलेने रोज सकाळी तिच्या टेबलावर आलेख ठेवायची, आणि चढत जाणारी ती रेघ एका सकाळी सपाट झालेली, दुसऱ्या आठवड्यात खाली वाकलेली पाहताना फुआतिनोला जे वाटलं त्याला गर्व हाच शब्द होता. तिने तो शब्द चुकवला नाही. हे मी केलं, असं ती मनात स्वच्छ म्हणाली होती.

राहिला होता फक्त दक्षिण किनारा. आणि तो अडला होता सातापूआपाशी, तिच्या स्वतःच्या गावापाशी.

सातापूआने रस्त्यावर ओंडका टाकला होता. पलीकडची चार गावं तो ओंडका पाहून थांबली होती. पंतप्रधानबाईंचंच गाव जर नको म्हणतंय, तर त्यांना काहीतरी ठाऊक असणार, असा साधा हिशोब. गावाचा राग कशाचा होता हे तिला माहीत होतं. साथीच्या सुरुवातीला तिथली एक मुलगी, लागी तिचं नाव, राजधानीच्या इस्पितळात दगावली. मृत मुलं गावी न्यायची नाहीत, असा हुकूम होता. अंत्यविधीला सगळं गाव जमतं, रात्ररात्र गातं, मुलाच्या गालाचे मुके घेतं, आणि मग त्या गावात घटसर्प घरोघर शिरतो. टेकडीवर सरकारी जागेत चुना घालून पुरायचं, असा तो हुकूम होता. सही तिची. लागी ही पुलेलाऊंची नात. पुलेलाऊ म्हणजे गावाचा वक्ता, सगळ्या सभेच्या वतीने बोलणारा म्हातारा.

डोंगर उतरून समुद्र दिसायला लागला तशी इओसेफोने बैठकीची आखणी सांगायला सुरुवात केली. तो दुसऱ्या बेटावरचा, शिकलेला, कामाला पक्का. तो म्हणाला की गावाने परिचारिकांना नाही म्हटलं असलं तरी पंतप्रधानांना भेटायला होकार दिला आहे, मानाच्या पाहुण्या म्हणून, आणि हे चांगलं लक्षण आहे. पेनीने आरशातून तिच्याकडे एकदा पाहिलं. फुआतिनो मनात तिचं बोलणं जुळवत होती. आज ती पायावरची चटई काढणार होती. ते तिने बाजारातून निघाल्यावर, टेकडी चढताना कधीतरी ठरवलं होतं. काढायची आणि म्हणायचं, बघा, आजार असा असतो, माझ्या वेळी याची लस नव्हती. त्या भिंतीवरच्या सरळ पायांनीच हे तिच्या डोक्यात घातलं असावं. ते वाक्य तिने दोनदा मनात म्हणून पाहिलं, आणि दुसऱ्यांदा तिला ते रेडिओवरच्यासारखं वाटलं.

ओंडक्यापाशी गाडी सोडावी लागली. मागची परिचारिकांची गाडीही तिथेच थांबली. मेलेने थंड पेट्यांवर ओल्या चादरी टाकत होती, आणि बर्फ दुपारपर्यंत टिकेल, त्यानंतर लस परत न्यावी लागेल, एवढंच तिने सांगितलं. पुढे पांढऱ्या प्रवाळाच्या खड्यांचा रस्ता. तिचा जाड तळाचा बूट खड्यांत रुतत होता आणि दर पावलाला तिला कंबरेतून पाय उचलून पुढे फेकावा लागत होता. दोन्ही बाजूंच्या घरांना भिंती नव्हत्या, खांबांमधून बायका तिला पाहत होत्या. या बायकांच्या आयांनी तिला अंघोळ घातली होती. कोणी हाक मारली नाही. मुलं कुठेच दिसत नव्हती, ती आतल्या बाजूला, पेट्या आणि गाद्यांच्या आड बसवलेली असावीत. एका घरातून खोकल्याचा आवाज आला, कुत्र्याच्या भुंकण्यासारखा, आणि लगेच कोणीतरी तो हाताने दाबला.

सभाघर तसंच होतं. लांबट गोल, उंच छप्पर, कडेने खांब आणि प्रत्येक खांबाशी एक माणूस पाठ टेकून मांडी घालून बसलेला. इओसेफोने तिला पाहुण्यांच्या बाजूला नेलं. ती बाजू रस्त्याला लागून, पायऱ्या कमी, दोन पावलांत बसता येईल अशी. ती बसली, कडी उचलली, पाय लांब केला, आणि एका तरुणाने अदबीने तिच्या पायांवर चटई घातली. मागे इओसेफो आणि पेनी बसले. आवाचं, म्हणजे मुळं कुटून केलेल्या सभेच्या पेयाचं, मोठं लाकडी भांडं मध्ये होतं. पहिली वाटी पाहुण्यांची म्हणून पुकारली गेली आणि तिच्याकडे आली. मातकट, जिभेला बधिर करणारी ती चव तोंडात असताना तिला कसंतरी झालं. का ते कळायला थोडा वेळ लागला. इथे तिची वाटी अशी पुकारत नसत. मानुलेवा या पदाच्या वाटीला स्वतःचं नाव होतं, आणि ते पद तिचं होतं. मामा गेल्यावर कुळाने तिला दिलेलं.

त्या वेळी केवढा वाद झाला होता. भाऊ होते, धडधाकट, डुकरांसारखे पोसलेले. ज्याला मांडी घालता येत नाही त्याने सभेत बसायचं कसं, असा एकाचा प्रश्न. तेव्हा म्हातारी मावशी, पेनीची आई, भाजलेल्या केळ्याची साल काढता काढता म्हणाली होती की तुम्हा सगळ्यांना मांडी घालता येते, म्हणून तर तुम्ही बसता आणि लगेच झोपता. सगळे हसले आणि पद फुआतिनोचं झालं. त्यानंतर ती किती वेळा इथे येऊन बसली? निवडणुकीआधी दोनदा. चर्चच्या छपराच्या वेळी एकदा. मग राजधानी.

पुलेलाऊ बोलत होते. हातात माश्या हाकायचा नारळाच्या दोऱ्यांचा झुबका, आवाज जुनाच, तळातून येणारा. त्यांनी तिला आकाशाला टेकलेला डोंगर म्हटलं, वादळात न विझलेली मशाल म्हटलं, तिच्या येण्याने गावाची वाळू धन्य झाली म्हटलं. एक एक उपमा घडी घातलेल्या मऊ चटईसारखी तिच्यासमोर ठेवली जात होती. तिने उत्तर दिलं. लसीचं, पलीकडच्या चार गावांचं, मुलांचं. इओसेफोने मानेनेच दाद दिली. पुलेलाऊंनी पुन्हा तिच्या शब्दांचे आभार मानले, ते शब्द पावसासारखे असल्याचं सांगितलं, आणि गाव त्यांचा मनात विचार करत राहील असं म्हटलं. मग ते थांबले. कोणाच्याही चेहऱ्यावर राग नव्हता. लागीचं नाव निघालं नव्हतं. तिचा हात चटईच्या कडेवर होता. आता चटई ओढून पाय दाखवायचा. पण तिच्या लक्षात आलं की दाखवला तरी हे सगळे तितक्याच अदबीने तो पाहतील आणि त्यालाही डोंगर म्हणतील. पाहुण्याला कोणी नाही म्हणत नाही. पाहुण्याशी कोणी भांडत नाही. आणि भांडण झाल्याशिवाय या घरात आजवर काहीही ठरलेलं नाही.

तिने समोर पाहिलं. पलीकडच्या बाजूला, पुलेलाऊंच्या डावीकडे, एक खांब रिकामा होता. काथ्याच्या दोरीची नक्षी माणसाच्या पाठीच्या उंचीला काळी आणि गुळगुळीत झालेली, मामाच्या आणि मामाच्या मामाच्या पाठीच्या तेलाने. मानुलेवाचा खांब. त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं सरकून बसलेली नव्हती. जागा सोडून बसली होती. ती आल्यापासून ती जागा तिच्या डोळ्यांसमोर होती आणि तिने ती पाहिली नव्हती. इओसेफोने चूक केली म्हणावं तर तो परका. पेनीला ठाऊक होतं, पण आपण होऊन सांगायचं हे त्याचं काम नव्हतं. चूक तिची. पाहुण्यांची बाजू पायऱ्यांजवळ होती, म्हणून ती विचार न करता तिथे बसली. म्हणजे जागा तिने निवडलीच नाही, तिच्या पायाने निवडली. गेली वीस वर्षं कुठे बसायचं ते तोच ठरवत आला होता, आणि ती समजत होती की तो चटईखाली आहे.

आता उठून चालत तिकडे जाता येणार नव्हतं. बसलेल्या वडीलधाऱ्यांपुढून जायचं तर कंबरेत वाकून, हात जमिनीकडे सोडून, क्षमा मागत जायचं, आणि कॅलिपर बांधून तिला वाकता येत नव्हतं. ताठ उभी राहून गेली असती तर ती सगळ्या सभेच्या डोक्यावरून गेली असती. बाहेरून वळसा घालावा, तर पाहुणा उठला की सभा उठते. पेनीने उचलून न्यावं, तर उचलून नेलेल्या माणसाला सभेत बोलता येत नाही. तिने एक एक वाट तपासून बाजूला ठेवली, शाळेत मुलींना फळ्यावर करून दाखवायची तशी. शेवटी जी उरली ती तिला सुरुवातीपासून माहीत होती.

कॅलिपर मिळायच्या आधी चार वर्षं ती गावभर सरकत फिरली होती. ताप आला तेव्हा ती सहा वर्षांची होती. ताप गेला आणि पाय घेऊन गेला. आजीने खोबरेल चोळलं, मांत्रिकाने पानं बांधली, मग एक दिवस सगळ्यांनी तो नाद सोडला आणि फुआतिनोने चालायची स्वतःची रीत शोधून काढली. हात मागे टेकायचे, कोपरं कुलूप लावल्यासारखी ताठ करायची, बूड उचलायचं, झोका देऊन मागे टाकायचं, मग उजव्या पायाच्या टाचेने जमीन रेटायची. डावा पाय दोरीने बांधलेल्या होडीसारखा पाठोपाठ येत असे. तळहातांना घट्टे पडले होते. चटईवरच्या शर्यतीत ती पोरांना हरवायची, प्रवाळाच्या खड्यांवर हरायची. ननांच्या इस्पितळात कॅलिपर चढवलं त्या दिवशी तिने मनाशी ठरवलं, आता कधी नाही. संसदेच्या पायऱ्यांवर ती एकदा पडली होती, तेव्हाही मदत येईपर्यंत ती पडूनच राहिली आणि अर्थमंत्र्यांना म्हणाली होती की तुमच्या आकड्यांपेक्षा ही फरशी सपाट आहे. पण सरकली नव्हती.

तिने चटईखाली हात घातला आणि पट्टे सोडायला लागली. वरचा, मांडीचा. मग गुडघ्याखालचा. बक्कल वाजलं. पुलेलाऊंच्या हातातला झुबका थांबला. बूट जड होता, तो काढताना तिला वाकावं लागलं आणि केसांतली कंगवी खाली पडली, ती तिने तशीच राहू दिली. मग चटईखालून ती मागे निघाली. कॅलिपर तिथेच राहिलं, बुटासकट, चटईखाली लांब पसरलेलं. पाहुणी अजून तिथेच बसली आहे असं वाटावं तसं.

मागे इओसेफो अर्धा उठल्याचं तिला जाणवलं. "बस खाली," पेनी त्याला हळूच म्हणाला. "ती तिच्या घरात चालली आहे."

ती वळली, हात मागे टेकले, आणि पहिल्याच झोक्याला तिला कळलं की शरीर काही विसरत नाही, फक्त जड होतं. त्रेपन्न वर्षांचं वजन खांद्यांवर आलं. तळहात आता मऊ होते, लेखणी धरणारे. केवड्याच्या पातींची वीण हाताखाली खरखरीत, एका ठिकाणी सुटलेली पात बोटात घुसली. झगा वर सरकला. तिने तो नीट केला नाही, कारण त्यासाठी एक हात उचलावा लागला असता. डावा पाय तिच्या पुढे उघडा घसटत येत होता, पांढुरका, पोटरी नसलेला, लहान मुलाच्या पावलाचा. पसरलेला, सगळ्या सभेच्या दिशेने. इतक्या वर्षांचा अपमान एका दमात, असं तिच्या मनात येऊन गेलं आणि तिला हसू आलं. आवाच्या भांड्यापुढून जाताना ती मान झुकवून क्षमा असावी म्हणाली, बसलेला माणूस म्हणतो तशी. तिचं डोकं कोणाच्याही डोक्यापेक्षा वर नव्हतं. घामाचा थेंब डोळ्यात गेला. श्वास मोठ्याने वाजत होता आणि बाकी सगळं घर गप्प होतं. हे गप्प बसणं निराळं होतं. कोणी दुसरीकडे पाहत नव्हतं. अदबीने सुद्धा नाही. आणि मधेच, भांडं ओलांडल्यावर, तिला ती जुनी लय सापडली, उचल, झोका, रेट, आणि त्या लयीत तिच्या छातीत काहीतरी सैल सुटलं. आलेख खाली वाकला त्या सकाळी वाटलं होतं त्याच जातीचं, पण त्याहून कितीतरी जुनं. सहा वर्षांच्या मुलीने हे एकटीने शोधून काढलं होतं. कोणी शिकवलं नव्हतं. देश वगैरे सगळं त्यानंतरचं. पहिलं काम हे.

पाठ खांबाला लागली. काथ्याच्या गाठी मणक्यांना बरोबर टोचल्या. तिने पाय पुढे राहू दिला. शेजारच्याने सवयीने चटई पुढे केली, ती तिने घेऊन मांडीखाली सारली आणि दम खात बसली.

पुलेलाऊंनी झुबका खाली ठेवला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा आवाज अगदी साधा आला, वक्त्याचा नव्हे, घरातल्या माणसाचा. "मानुलेवा, किती उशीर केलास."

ती म्हणाली, "हो."

"लागी कुठे आहे?"

रेडिओवर बोलण्यासारखी शंभर वाक्यं तिच्याजवळ होती. तिने त्यातलं एकही उचललं नाही. "टेकडीवर आहे. सरकारी जागेत, चुन्यात. हुकूम माझा होता. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा देईन, कारण तिला इथे आणलं असतं तर आज या गावात मुलं उरली नसती. पण ते तुम्हाला सांगायला मी यायला हवं होतं. या खांबाशी बसून. मी रेडिओवरून सांगितलं. ते माझं चुकलं."

"आम्ही जेवत होतो," पुलेलाऊ म्हणाले. मग बोलायला लागले ते थांबेनात. त्यांनी तिच्या मामाचं नाव काढलं, ज्याने वादळात छप्पर उडालं तेव्हा आपलं घर सोडून आधी दुसऱ्यांची छपरं बांधली. तिच्या आजीचं काढलं. या गावाने तुला पाठीवर वाहिलं, अंगावरचं विकून शाळेत घातलं, आणि तू आमचं मूल पुरलंस आणि आम्हाला सगळ्या देशाबरोबर कळवलंस, आम्ही कोण, बंदरावरचे हमाल? बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला. दुसरे सरसावले. एकाने विचारलं की चर्चचं छप्पर झाल्यावर पंतप्रधान हरवल्या होत्या की काय. आणखी एकजण तिच्या भावांवर घसरला. प्रत्येक शब्द तिला लागत होता आणि प्रत्येक शब्दागणिक ती त्या खांबाशी जास्त पक्की बसत होती. कोणीही तिला आता मशाल म्हणत नव्हतं.

दंड ठरला. मोठी डुकरं, बारीक विणीच्या चटया, डबाबंद माशांची खोकी, सगळ्या कुळांना पुरतील इतकी. कोपऱ्यातला एक म्हातारा डोळे मिटूनच म्हणाला की मासे नकोत, तिच्या भावाने मागे आणलेले खारट होते, बीफचे डबे आण. दोघे तिघे खाकरल्यासारखे हसले. आणि साथ सरली, डॉक्टरांनी हो म्हटलं, की लागीला टेकडीवरून काढून मानुलेवाने स्वतः गावात आणायचं, आणि अंत्यविधीला पहिल्यापासून शेवटपर्यंत बसायचं. तिने सगळं मान्य केलं. डॉक्टर हो म्हणायला वर्ष लावतील, कदाचित जास्त, तोवर नाही, हेही तिने सांगितलं. पुलेलाऊंनी मान हलवली. तिला शब्द पाळता येईल अशीच गोष्ट मागायची, एवढं ते जाणून होते.

"आता माझं ऐका," ती म्हणाली. "सरकारचं नाही. मी मानुलेवा बोलते आहे. आपल्या गावात खोकला आलाय. रस्त्याने येताना मी ऐकला, तुम्ही रोज ऐकताय. ओंडक्यापलीकडे सुया आहेत, आणि ज्याला लागण झाली आहे त्याच्यासाठी औषधही. बर्फ दुपारपर्यंत आहे. मला वाटतं, ओंडका काढावा."

सभेची रीत अशी की प्रत्येक खांबाने बोलावं किंवा गप्प राहून होकार द्यावा. पुलेलाऊ एकेका खांबाकडे पाहत गेले. सावकाश, प्रत्येक चेहऱ्यावर थांबून. तिने हाताच्या बोटातली पात दातांनी ओढून काढली. रक्ताचा थेंब आला, तो तिने झग्याला पुसला. कोणी बोललं नाही. पूर्ण फेरी झाली आणि म्हाताऱ्याची नजर शेवटी तिच्या पायावर आली. तिथे ती थांबली, चेहऱ्यांवर थांबली होती तितकीच. मग ते बाहेर बसलेल्या तरुणांकडे वळून म्हणाले, "ओंडका काढा. आणि आधी त्या खोकणाऱ्या पोराला घेऊन या, लपवू नका."

तिला उठून जाता येत नव्हतं, म्हणून तिने ते सगळं खांबाशी बसूनच पाहिलं. इओसेफोने पायांत काही न घालता प्रवाळावरून पळत जाऊन मेलेनेला बोलावलं. मोकळ्या मैदानात, फणसाच्या सावलीत टेबल मांडलं गेलं. खोकणाऱ्या मुलाची मान सुजलेली होती. मेलेनेने त्याच्या तोंडात विजेरी धरली, मग फुआतिनोकडे पाहून बोटांनी खूण केली, वेळेत आहे. घरांच्या आतल्या बाजूने मुलं निघायला लागली, पेट्यांमागून, गाद्यांमागून, इतके दिवस कोंडल्याने उजेडात डोळे बारीक करत. पुलेलाऊ स्वतः गेले आणि लागीच्या धाकट्या भावाला खांद्यावर घेऊन आले. दोन अडीच वर्षांचं पोर, गोलमटोल, कशाचीच कल्पना नसलेलं. त्यांनी त्याला मांडीवर आवळून धरलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

पोराने आधी श्वास घेतला, मोठा, सगळी छाती भरून. मग तो रडला. काय आवाज होता तो. स्वच्छ, कर्कश, कुठेही न अडणारा, सभाघराच्या छपरातून घुमून परत येणारा. तो ऐकून रांगेतलं पुढचं मूल सुई लागायच्या आधीच रडलं, मग त्याच्या मागचं, मग बहिणीच्या कडेवरचं. बायका दटावत होत्या, हसत होत्या, डोळे पुसत होत्या. सगळं मैदान रडत होतं. राजधानीच्या इस्पितळात तिने अशी मुलं पाहिली होती ज्यांचं तोंड रडण्यासाठी उघडायचं आणि आवाज यायचा नाही. फुआतिनोने डोकं खांबाला टेकलं. एकेक गळा तिला वेगळा ऐकू येत होता, आणि ती डोळे मिटून, पाय पुढे पसरून, तो प्रत्येक गळा उघडा असल्याची खात्री करत बसली.